नेमकं बसणारं सील

उमरीच्या आनंदराजनं एका माणसाचं तोंड काळं करायचं म्हणून जेवढी खटपट केली, तेवढी माणसं लेकीच्या लग्नासाठीही करत नाहीत. त्या माणसाचं नाव रविकांत, लातूरचा मिस्त्री. दोघांचं वैर लागलं ते रबराच्या एका कड्यावरून.

आनंदराज तेव्हा लातूरच्या मन्मथअप्पांच्या ट्रान्सपोर्टमध्ये ड्रायव्हर होता. अप्पांच्या गाड्या बऱ्याच, पण सगळ्यात जुनी गाडी आनंदराजकडे. नवी पोरं तिच्याकडे बघून नाक मुरडायची, आनंदराजला मात्र तीच पाहिजे असायची. लातूरहून डाळ भरायची, अहमदपूर, लोहा करत नांदेडला उतरवायची, परतीला मिळेल तो माल घ्यायचा. दारू नाही, गुटखा नाही, धाब्यावर पत्ते नाहीत. अप्पा दुसऱ्या ड्रायव्हरांना सांगायचे, "गाडी ठेवावी तर आनंदराजनं." हे ऐकून आनंदराज वर बघायचा नाही, पण उमरीला गेला की बायकोला, चांगुणाला, दर वेळी सांगायचा.

उन्हाळ्यात एका दुपारी माळाकोळीच्या अलीकडे चढ चढताना त्याची नजर तेलाच्या काट्यावर गेली. काटा पडलेला. त्यानं इंजिन बंद करून गाडी कडेला घेतली, पण तेवढ्यात इंजिन आतून धरलं होतं. खाली वाकून बघतो तर डाव्या अंगाला काळं तेल ओघळत होतं. इंजिन आणि ऑइल फिल्टर यांच्यामध्ये एक ओतीव तुकडा असतो, त्याला ॲडॉप्टर म्हणतात. त्याच्या खोबणीत रबराचं सील बसतं. सील नीट बसलं तर तेल आत फिरतं, नाही तर रस्त्यावर येतं. तेल त्याच फटीतून आलं होतं. आनंदराजनं ते डोळ्यांनी पाहिलं आणि लगेच अप्पांना फोन केला.

संध्याकाळच्या आत अप्पा रविकांतला घेऊन जीपनं आले. हा ॲडॉप्टर आदल्याच दिवशी रविकांतनं उघडून बसवला होता.

"तू जरा पाणी आण," रविकांत म्हणाला, "तोवर मी खाली जाऊन बघतो."

आनंदराज धाब्यावरून पाण्याचा कॅन भरून आला, तोवर रविकांत गाडीखालून बाहेर आला होता. त्याच्या हातात चेंबरचा ड्रेन बोल्ट, म्हणजे तेल काढायच्या भोकाचा बोल्ट होता.

"अप्पा, हा बोल्ट हातानं निघाला. कुणीतरी खोललाय. तेल काढून विकलं, आन् बोल्ट नीट आवळला न्हाई. राहिलेलं तेल वाटंवर सांडलं."

"आरं, तेल फिल्टराकडनं आलं," आनंदराज ओरडला. "मी बघितलं की! ॲडॉप्टरचं सील फुटलंय, खोलून बघ."

"खोललं म्या. सील चांगलं हाय." रविकांतनं बोल्ट अप्पांच्या तळहातावर ठेवला. फाटलेलं सील एव्हाना त्याच्या खिशात गेलं होतं, पण ते त्या वेळी कुणाला कळणार!

अप्पांनी एकदा बोल्टकडे बघितलं, एकदा आनंदराजकडे. मग जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "कितीबी जीव लावा, ही माणसं अशीच."

'ही माणसं' म्हणजे कोण, हे आनंदराजला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. इतकी वर्षं त्याच अप्पांच्या घरचा चहा त्यानं घेतला होता. कप वेगळा होता, हेही त्याला ठाऊक होतं. तो घोट त्यानं गाडीपायी गिळला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला चौकीत बसवून ठेवलं. मारलं नाही, शिवीही फारशी दिली नाही. नुसतं बाकावर बसवलं, आणि येणारा जाणारा विचारायचा, "काय केलं ह्यानं?" शिपाई म्हणायचा, "तेल चोरलं." संध्याकाळी उमरीहून त्याचे वडील साहेबराव, म्हणजे त्याचे आबा, आले. सत्तरीचा म्हातारा, आयुष्यभर रेल्वेच्या रुळावर गँगमध्ये काम केलेला, कुणापुढं मान न वाकवलेला. त्यांनी चौकीच्या पायरीवर डोक्याची टोपी काढली आणि मन्मथअप्पांच्या पायांना हात लावला. "लेकरू हाय, सोडा," म्हणाले. अप्पांनी पाय मागं घेतले नाहीत. बाजूला रविकांत तंबाखू मळत उभा होता.

आनंदराज सुटला, पण तो पायांना लागलेला हात त्याच्या डोळ्यांपुढून हलला नाही.

ड्रायव्हरांच्या जगात बातमी गाडीच्या पुढं पळते. लातूरच्या नाक्यावर, नांदेडच्या मोंढ्यात, कुणीही त्याला चावी देईना. उमरीच्या जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलायचं काम त्यानं धरलं. गाठ पाठीवर घेऊन चालताना तो मनातल्या मनात रविकांतशी बोलत असायचा. कधी त्याला त्याच बाकावर बसवायचा, कधी भर बाजारात त्याच्या तोंडाला ते काळं तेल फासायचा. चांगुणाला त्याच्या ओठांची हालचाल दिसायची.

"कुणाशी बोलून राहिले?" ती विचारायची.

"कुणाशी न्हाई."

"त्या मिस्त्र्याशीच ना? त्यो तिकडं ढेकर देऊन झोपतोय, आन् तुमी हितं सुकून चाललात."

असं दीडेक वर्ष गेलं असेल. एक दिवस चांगुणाचा भाऊ संघपाल याचा नांदेडहून फोन आला. तो देगलूर नाक्यावरच्या एका गॅरेजात इंजिनचं काम करायचा.

"दाजी, तुमची गाडी हितं भंगारात आलीया."

"माझी कुठली गाडी?"

"अप्पाची ती जुनी. भंगारवाल्या हाजीसाबच्या वखारीत उभी हाय. पुढल्या हप्त्यात कापणार."

आनंदराज त्याच दिवशी नांदेडला गेला. गाडी तीच. काच फुटलेली, टायर काढून घेतलेले, टपावर कबुतरांची विष्ठा. अप्पांनी इंजिन दुरुस्त करण्याऐवजी ती तशीच विकून टाकली होती. आनंदराजनं बॉनेटच्या आत हात घालून बघितलं. फिल्टर, ॲडॉप्टर, सगळं जागच्या जागी. रविकांतला वाटलं असणार, भट्टीत वितळल्यावर कोण बघतंय!

तिथं उभं राहूनच त्याच्या मनात ठरलं. जी गाडी दाखवून त्याला चोर केलं, तीच गाडी चालू करून अप्पांच्या दारात न्यायची.

हाजीसाबला तो म्हणाला, "ही कापू नका. मला द्या. पैसा न्हाई माझ्यापाशी, पण हंगामभर तुमचं भंगार जालन्याच्या कारखान्यांवर मी पोचवतो."

हाजीसाबला ड्रायव्हर हवाच होता. त्यानं दाढी कुरवाळली. "सुना है तेल बेचा था तूने?"

"इकलं असतं तर तुमच्या दारात उभा राहिलो नसतो."

"ठीक है मियाँ. लेकिन मेरा एक बोल्टबी गया तो देख."

आनंदराजनं तो हंगाम जालन्याच्या वाटेवर काढला. रिकाम्या दिवशी तो आणि संघपाल त्या गाडीच्या पोटात शिरायचे. क्रँक घासून आणला, बेअरिंगं बदलली, भंगारातल्याच गाड्यांचे धड असलेले भाग शोधून जोडले. चांगुणा उमरीहून रेल्वेनं डबा घेऊन आली की म्हणायची, "घरात एवढं लक्ष घातलं असतं तर पत्रे गळले नसते." पण डबा कधी चुकला नाही.

इंजिन चालू झालं त्या दिवशी संघपालनं पेढे आणले. पेढा तोंडात असतानाच फिल्टराकडून तेलाची पिचकारी उडाली.

मग सुरू झाली सीलची शोधाशोध. गाडीचं मॉडेल सांगून नांदेडच्या दुकानातून नवं सील आणलं. थंड इंजिनवर एक थेंब गळेना. इंजिन तापलं, तेल पातळ झालं, दाब चढला, की भस्सकन फुटायचं. दुसऱ्या दुकानातलं आणलं, तेच. वर्कशॉपला जाणारा माल कुणीतरी मिळवून दिला, तरी तेच. संघपालनं शेलॅक नावाचं चिकटण लावून बघितलं, ट्यूबचं रबर कापून कडं केलं, दोन सीलं एकावर एक बसवली. तेल काही ऐकेना.

"दाजी, इंजिन सगळं झालं आन् ह्या कड्यापायी गाडी बसली. ॲडॉप्टरच बदलून टाकू. दुसरा मिळंल कुठंबी."

"हात लावू नको त्याला."

"का?"

"अरं, त्या दिवशी तेल हितनंच गेलं होतं. आजबी हितनंच चाललंय. ह्याच्यातच त्याची चोरी हाय."

आनंदराजनं ॲडॉप्टर काढला, डिझेलमध्ये बुडवून ब्रशनं घासला आणि हाजीसाबच्या वखारीत उन्हात नेऊन धरला. काळं किटण निघालं तसा कडेला रंगाचा डाग दिसला. पिवळा टिपका, त्याखाली आडवी रेघ. हाजीसाबनं चष्मा कपाळावर सरकवून बघितलं.

"ये निलंगे का माल है. दानम्मा की निशानी. वो अपने हर पुर्जे पे लगाती, ताकि कोई बदल के वापस न लाए."

"पण ही गाडी नवी आल्यापासून अप्पाकडंच होती. निलंग्याला कधी गेलीच न्हाई."

"गाडी नहीं गई होगी. पुर्जा तो आया ना?"

आनंदराजनं ॲडॉप्टर पुन्हा उलटापालटा करून बघितला. गाडीचं मॉडेल सांगून आणलेलं सील कसं बसेल? ॲडॉप्टर ह्या गाडीचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी एसटीनं तो निलंग्याला पोचला. दानम्माचं जुन्या सामानाचं दुकान बसस्टँडच्या मागं होतं. नवरा गेल्यापासून ती एकटीच चालवायची. पन्नाशीची बाई, कपाळावर विभूती, पदर कमरेला खोचलेला, बोटांच्या चिरांत ग्रीस. लातूर, औसा, उदगीरचे मिस्त्री तिच्याकडे यायचे. आनंदराजनं पिशवीतून ॲडॉप्टर काढून काउंटरवर ठेवला.

"आक्का, ह्याला सील पाहिजे."

दानम्मानं तो हातात घेतला, उलटा केला, खोबणीतून अंगठा फिरवला. "हे कुठल्या गाडीवर बसवलंय तम्मा?"

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. आनंदराजनं गाडी सांगितली.

"छे छे! हे त्या गाडीचं नव्हंच. बोल्टाची भोकं जुळतात म्हणून बसतंय. खोबण बघ, केवढी खोल हाय. तुझ्या गाडीचं सील ह्यात घातलं की खाली जाऊन पडतंय, वरच्या अंगाला टेकतच न्हाई. तापलं की फुटणारच."

ती आत गेली, डबे खाली-वर केले आणि एक सील घेऊन आली. नांदेडला मिळालेली सगळी गोल काठांची होती. हे जाड, चौकोनी काठाचं. तिनं ते खोबणीत बसवलं. चारी बाजूंनी रेघभर वर राहिलं. तिनं त्यावरून बोट फिरवायला लावलं. कुठं सैल नाही, कुठं फुगवटा नाही.

"गाडीच्या नावानं मागशील तर जन्मभर हिंडशील. ज्या गाडीचा तुकडा, तिच्या नावानं मागायचं."

आनंदराज सीलकडे बघत नव्हता. "आक्का, हा ॲडॉप्टर तुमच्याकडनं कुणी नेला?"

तिचा हात थांबला. "तुला कशाला पाहिजे?"

मग त्यानं सगळं सांगितलं. माळाकोळीचा चढ, ड्रेन बोल्ट, चौकीचा बाक, आबांची टोपी. सांगताना त्याचा आवाज चढला नाही, पण काउंटरची कड त्यानं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. दानम्मानं ऐकून घेतलं, बाहेर रस्त्यावर कुणी आहे का बघितलं.

"रविकांतनं नेला. पहिला ॲडॉप्टर आवळताना त्यानंच तडकवला होता, मालकाला कळू द्यायचं नव्हतं. मी म्हणलं, ह्याचं सील येगळं येतंय, घेऊन जा. तर म्हणतो, बसवतो काहीतरी." तिनं ॲडॉप्टर त्याच्याकडे सरकवला. "पण तम्मा, माझं नाव कुठं घ्यायचं न्हाई. लातूरचे मिस्त्री आले तर माझी चूल पेटती. शपथ घे."

"घेतली," आनंदराज म्हणाला. त्या क्षणी त्यानं ती खरोखरच घेतली होती.

सील बसलं. इंजिन तापवलं, गाडी लोह्यापर्यंत नेऊन आणली, अर्धापूरपर्यंत नेऊन आणली. ॲडॉप्टर कोरडा ठणठणीत. संघपाल म्हणाला, "चला, आता भाडी मारू." आनंदराज म्हणाला, "दसऱ्यापर्यंत थांब."

दसऱ्याला मन्मथअप्पांच्या यार्डात सगळ्या गाड्यांची पूजा असायची. सगळे ड्रायव्हर, दुसरे मालक, बाजारातली माणसं जमायची. चांगुणाला हे कळलं तेव्हा ती पांढऱ्या साडीची घडी मोडत होती. त्या दिवशी उमरीची सगळी मंडळी धम्मचक्र दिनाला नागपूरला निघायची.

"सगळी वस्ती दीक्षाभूमीला चाललीया, आन् तुमी लातूरला? पोटात असला इंगळ घेऊन बुद्धाला हात जोडायचे तरी कसे?"

"म्हणूनच आधी लातूर. इंगळ टाकून येतो, मग हात जोडतो."

"इंगळ टाकणाराचाबी हात भाजतोय," ती म्हणाली. पण तिनंच त्याचा निळा शर्ट इस्त्री करून दिला.

दसऱ्याला उन्हं चढता चढता ती जुनी गाडी अप्पांच्या यार्डाच्या फाटकातून आत आली. फाटकात रांगोळी होती, गाड्यांना झेंडूचे हार होते, मांडवात एका चौरंगावर पाने, हातोडे, जॅक मांडून त्यांना कुंकू लावलेलं. स्पीकरवर गाणी चालू होती. एका ड्रायव्हरनं गाडी ओळखली आणि गाणं बंद केलं.

आनंदराज खाली उतरला. "अप्पा, वळखली का?"

मन्मथअप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "ही तर भंगारात दिली होती."

"व्हय. मला चोर ठरवून हिला भंगारात दिलं. तिला बोलायला घेऊन आलोय."

रविकांत चौरंगाजवळ उभा होता. नवा पांढरा शर्ट, कपाळाला गुलाल. आनंदराजनं त्याच्यापुढं पाना धरला. "ये मिस्त्री. तुझ्याच हातानं ॲडॉप्टर खोल."

"आज हत्यारांना सुट्टी असती," रविकांत हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "आज कुणी पाना उचलत न्हाई."

"मी उचलतो. माझा दसरा निराळा हाय."

गाडी नांदेडहून आलेली, इंजिन तापलेलं. बोल्ट सोडताना गरम तेल त्याच्या मनगटावर आलं, कातडी लाल झाली. त्यानं हात मागं घेतला नाही. दानम्माचं सील काढून त्यानं खिशात ठेवलं आणि दुकानाचं पाकीट सगळ्यांसमोर फोडून दुसरं काढलं. "हे ह्या मॉडेलचं सील. नांदेडहून इकत घेतलंय. रविकांतनंबी हेच घातलं होतं." ते बसवलं, बोल्ट आवळले, कमी झालेलं तेल डब्यातून भरलं आणि गाडी चालू करून रेस दिली.

क्षणभर काही झालं नाही. रविकांतच्या चेहऱ्यावर रंग परत येऊ लागला. मग फटीतून काळी धार सुटली आणि थेट रांगोळीवर पडली. माणसं मागं सरली.

"बोल्ट जाग्यावर हाय का?" आनंदराजनं इंजिन बंद करून विचारलं. एक ड्रायव्हर खाली वाकला, चेंबरला हात लावून म्हणाला, "बोल्ट घट हाय."

मग त्यानं दानम्माचं सील परत बसवलं. तेल भरलं, गाडी चालू केली, आणि ती तशीच धडधडत ठेवली. लोक ॲडॉप्टरजवळ डोकी घालून बघत राहिले. एक थेंबही आला नाही.

"हा ॲडॉप्टर ह्या गाडीचा न्हाईच, अप्पा. पहिला ह्यानं तडकवला, दुसऱ्या गाडीचा आणून बसवला, तुमाला सांगितलं न्हाई. इंजिन गेलं तसं फाटकं सील खिशात घातलं आन् बोल्ट काढून तुमच्या हातात दिला."

"झूट!" रविकांत पुढं आला. "भंगारातनं ह्यानंच आणून बसवला असंल. हंगामभर गाडी ह्याच्या ताब्यात हाय. काय पुरावा, की मीच बसवला?"

मांडवात कुजबूज झाली. दोन-चार माना रविकांतच्या बाजूनं हलल्या. अप्पा खुर्चीत टेकले. आनंदराजला दिसलं, की ह्या घडीला गप्प राहिलो तर जन्मभर चोरच राहणार. त्याचा हात फोनकडे गेला. शपथ त्याला आठवली. आठवली आणि त्यानं नंबर लावला. स्पीकर चालू करून मांडवातला माईक फोनजवळ धरला.

"आक्का, आनंदराज बोलतोय. सील बेस बसलं. एक सांगा, तो ॲडॉप्टर रविकांतनं नेला होता, की दुसऱ्या कुणी?"

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, मग मांडवातल्या बऱ्याच जणांच्या ओळखीचा दानम्माचा आवाज यार्डभर घुमला. "रविकांतनंच की रे. किती डाव सांगू? सील येगळं येतंय म्हणून त्याला बजावलं होतं. पैलाच तुकडा त्यानं तडकवला, मालकाला कळायला नको म्हणत होता… तम्मा, मागं कसला आवाज येतोय?"

आनंदराजनं फोन बंद केला.

त्यानंतर कुणाला काही विचारावं लागलं नाही. रविकांतनं अप्पांकडे बघितलं, अप्पांनी त्याच्याकडे बघितलं नाही. ज्या ड्रायव्हरनं बोल्टला हात लावून बघितला होता, तो म्हणाला, "ब्रेकचं काम माझ्या गाडीचंबी ह्याच्याच गॅरेजात चाललंय. माझी लेकरं हायत, बाबा." आणि तो आपल्या गाडीची चावी आणायला रविकांतच्या गॅरेजकडे निघाला. त्याच्यामागं आणखी दोघं गेले.

अप्पा आनंदराजच्या खांद्यावर हात ठेवून बाजूला घेऊ लागले. "झालं गेलं ते झालं. सणाचा दिस हाय. आत चल, बोलू."

आनंदराजनं खांदा सोडवून घेतला. "आत न्हाई. मला चोर म्हणालात ते चारचौघांत. माईक हितंच हाय."

मन्मथअप्पांनी एकदा आतल्या दाराकडे बघितलं. पण यार्डात सगळी जमलेली, मोबाइल वर धरलेले. त्यांनी माईक घेतला. "आनंदराजनं तेल इकलं न्हवतं," ते म्हणाले. "माझी चूक झाली."

"आन् माझ्या आबांनी तुमचे पाय धरले ते?"

अप्पांनी माईक या हातातून त्या हातात घेतला. शेवटी म्हणाले, "त्यांचीबी माफी."

"कामावर परत ये," असंही ते हळूच म्हणाले. आनंदराज गाडीत चढला. "कामं तुमाला लई पडतील आता, अप्पा. पैलं मिस्त्री शोधा." आणि तेलात भिजलेल्या रांगोळीवरून चाक नेत तो बाहेर पडला. आरशात रविकांत दिसत होता. चौरंगावरचे आपले पाने तो एकेक करून पिशवीत भरत होता. आनंदराजनं गाडी मुद्दाम हळू चालवली, म्हणजे ते जास्त वेळ दिसावं.

त्या रात्री साहेबरावांनी कुणाच्या तरी मोबाइलवर तो व्हिडिओ बघितला. बाकीचं त्यांना नको होतं. अप्पा माईक घेतात तेवढंच ते पुन्हा पुन्हा लावायला सांगत होते. सकाळी पारावर जाऊन बसले. चौकीच्या प्रकारानंतर ते तिथं फिरकले नव्हते.

रविकांतचं गॅरेज दिवाळीनंतर बंद पडलं. तो उदगीरकडे कुणाच्या तरी हाताखाली कामाला लागला असं आनंदराजच्या कानावर आलं. लातूरला माल घेऊन गेला की तो त्या गल्लीतून वळसा घालायचा आणि बंद शटर बघूनच पुढं जायचा. बरं वाटायचं त्याला. हे चांगुणाला कळलं तेव्हा ती म्हणाली, "डिझेल जळतंय तुमचं." तो म्हणाला, "जळू दे."

हळद निघायच्या दिवसांत त्याला निलंग्याचं भाडं मिळालं. उतरवून झाल्यावर तो दानम्माच्या दुकानाकडे गेला. दुकान उघडं होतं, पण मिस्त्र्यांची ती गर्दी नव्हती. काउंटरवर धूळ होती. दानम्मा आत बसून शेंगा निवडत होती. त्याला बघून उठली नाही.

"आक्का."

"काय पाहिजे?"

"काय न्हाई. भेटायला आलो."

"तू मला माईकवर घातलंस," दानम्मा म्हणाली. "मी तिकडं भाजी फोडणीला टाकत होते. आन् तू आख्ख्या लातूरला माझा आवाज ऐकवलास. शपथ घेतली होतीस न्हव?"

"घेतली होती."

"मग?"

आनंदराजनं बरीच उत्तरं वाटेत जुळवून आणली होती. "तुमी बोलला नसता तर मी चोरच राहिलो असतो," एवढंच म्हणाला.

"खरं हाय." तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "पण लातूरचे मिस्त्री आता म्हणतात, ही बाई कुणाचंबी उघडं पाडंल. येईनात. तुझा न्याय झाला, माझ्या दुकानात माशा बसल्या."

"नांदेडचे, उमरीचे, किनवटकडचे सगळे ड्रायव्हर पाठवतो. संघपाल जिथं काम करतो त्या गॅरेजचा माल हितनंच नेऊ."

"पाठवशील तर देईन माल. पैसे रोख, उधार न्हाई. आन् फोन करायचा न्हाई मला." ती सूप परत मांडीवर घेऊन शेंगा निवडू लागली.

त्यानं ड्रायव्हर पाठवले. एकेक करून गिऱ्हाईक आलं, पण पूर्वीसारखं नाही. पुढच्या खेपेला तो गेला तेव्हा दानम्मानं त्याला इतर गिऱ्हाइकासारखंच विचारलं, "कुठल्या गाडीचं?" आणि पाकीट काउंटरवर सरकवलं. तम्मा म्हणाली नाही.

रविकांतचं आनंदराजला आजही वाईट वाटत नाही. विचारलं तर सांगतो, पुन्हा तसंच करीन, जरा लवकर करीन. निलंग्याचं भाडं मात्र तो शक्यतो घेत नाही. संघपालला पाठवतो.